सात महिने जंगल, मग पुढं?

प्रश्न थोडक्यात: ही वाचक कोल्हापूर शहरात राहते. वय २३, वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. राधानगरी अभयारण्याच्या परिसरात काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला नोव्हेंबर ते मे असं सात महिन्यांचं काम देऊ केलंय. पर्यटकांना जंगलाची माहिती द्यायची आणि उरलेल्या वेळात तण काढणं, पाणवठे साफ करणं, रोपवाटिका बघणं असली कामं करायची. महिना १५ हजार, राहायची सोय जंगलालगतच्या दाजीपुरात. बाबा म्हणतात, "सात महिन्यांची नोकरी ही नोकरी नव्हे, लांबलेली सहल आहे." आईला पाहुण्यांना काय सांगायचं याची चिंता. ती स्वतः लिहिते, "मला माणसांपेक्षा झाडं बरी वाटतात, म्हणून हे काम हवंय. पुढं वनरक्षक भरतीलाही उपयोग होईल. पण पावसाळ्याचे पाच महिने काय करू? हो म्हणू की नको?" संस्थेला ऑक्टोबरअखेर उत्तर हवं आहे.

उत्तर:

आधी बाबांचं बघू, कारण ते सोपं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राहून हंगामी कामाला नोकरी न मानणं जरा अवघडच आहे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, उन्हाळा लागला की संपतो, आणि तिथं 'हंगामी कायम' असलेल्या माणसाला कुणी बेकार म्हणत नाही. त्याचं लग्न जमतं, त्याला पतसंस्था कर्ज देते. कारण पुढच्या हंगामाला त्याचं बोलावणं ठरलेलं असतं, कारखाना बंद असताना रिटेन्शन अलाउन्स मिळतो, पीएफ कापला जातो आणि भांडायला युनियन असते. तुझ्याकडं यातलं आज काहीच नाही. तेव्हा बाबांची काळजी खरी आहे. फक्त अडचण सात महिन्यांची नसून आठव्या महिन्याबद्दल कागदावर एक अक्षरही नसण्याची आहे.

म्हणून होकाराआधी संस्थेकडून नेमणुकीचं पत्र माग. तोंडी बोलणी दाजीपूरपर्यंतच्या ऐंशी किलोमीटरात विरून जातात. पत्रात असावं ते असं: पगार महिन्याचा की भरलेल्या दिवसांचा, कुठल्या तारखेला, कुणाकडून. आठवड्याची सुट्टी कुठली, कारण शनिवार-रविवार तर तुला मिळणार नाहीच. जेवण कुणाचं. पुढच्या हंगामात आधी तुला विचारणार का. आणि कामाचं नाव 'निसर्ग मार्गदर्शक' असं स्पष्ट, 'मदतनीस' नको. ते नाव पुढच्या प्रत्येक अर्जात लागतं, आणि आईला पाहुण्यांसमोर सांगायलाही बरं पडतं.

राहायची सोय म्हणजे नक्की काय, तेही विचार. खोलीत आणखी कोण, संडास-बाथरूम आत की बाहेर, रात्री लाइट गेली तर काय, मोबाइलला रेंज कुठं येते. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्यानं बंधनकारक आहे. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. हे विचारलं म्हणून ज्यांचा चेहरा पडतो त्यांच्याकडं काम करायचं नाही, इतकं सोपं आहे. अपघात विम्याचंही विचार. नसेल तर निदान बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू कर. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ते १ जून ते ३१ मे असं चालतं, त्यामुळं मेअखेरीस खात्यात तेवढे पैसे राहतील असं बघ.

पैशाचा हिशेबही मांडूनच टाकू. १५ हजार गुणिले सात म्हणजे १ लाख ५ हजार. बारा महिन्यांवर वाटलं तर महिना ८,७५०. घरी राहणाऱ्या मुलीला हे चालेल, घर चालवणाऱ्या मुलीला चालणार नाही. दाजीपुरात खर्चायला फारशी दुकानं नाहीत. दरमहा ५ हजार बाजूला पडले तर मेअखेर ३५ हजार होतात, म्हणजे पावसाळ्याच्या पाच महिन्यांना दरमहा ७ हजार. इतकं शिल्लक टाकणं जमणार नसेल तर आत्ताच सांगते, हे काम पहिल्या पावसातच तुला घरी वाद घालायला लावेल.

आता तुझ्या पत्रातलं खरं अवघड वाक्य. "मला माणसांपेक्षा झाडं बरी वाटतात." हे वाचून जरा थांबावंसं वाटलं. कारण तुला देऊ केलेलं काम मुख्यतः माणसांचं आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळ, जानेवारीतल्या शाळांच्या सहली, मे महिना, आणि मधले सगळे शनिवार-रविवार. फाटकावर गाडी थांबते, काच खाली होते आणि पहिला प्रश्न येतो, "गवा दिसणार काय?" दिवसात तो प्रश्न शंभर वेळा येतो, आणि शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखंच उत्तर द्यावं लागतं. झाडांशी तुझं जमतं हे चांगलंच, पण झाडांना तुझी गरज नाही. गरज आहे ती चिप्सचं पाकीट खिडकीतून टाकायच्या बेतात असलेल्या माणसाला, त्याचा अपमान न करता थांबवणाऱ्याची.

हे शिकता येतं, आणि त्याला गोड गळा लागत नाही. एका गटात १२-१५ पेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, मागच्याला ऐकू येत नसलं की तो मोबाइल काढतो. फाटकावरचं बोलणं पाच मिनिटांत संपवायचं आणि नियम तीनच सांगायचे: सांगितल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही, काही टाकायचं नाही आणि काही उचलायचं नाही. (चार झाले म्हणतील. म्हणू देत, तेवढंच लक्षात राहतं.) नियमामागचं कारण लगेच सांगायचं. नुसतं 'मनाई आहे' म्हटलं की लोक पळवाट शोधतात.

गव्याचं वचन कधीही द्यायचं नाही. पहाटे आणि सांजेला शक्यता जास्त, एवढंच. तुझ्या फेरीचा कणा न पळणाऱ्या गोष्टींवर उभा कर. वाटेवर गव्याचं शेण पडलेलं असतंच. ताजं असेल तर काडीनं कड उचलून दाखव: वर सुकायला लागलेली साय, आत ओलसर हिरवट गाभा आणि त्यात बोगदे काढणारे शेणकिडे. एखादा किडा गोळा करून मागच्या पायांनी ढकलत निघालेला सापडला तर पोरं तिथनं हलत नाहीत. मग विचारायचं, हे किडे नसते तर या रानात काय झालं असतं? शेण जमिनीत कोण नेतं, त्यातल्या बिया कोण पुरतं? ३५१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक, ही माहिती त्यानंतर सांगितली की कानात जाते. आधी सांगितली तर फलकासारखी वाचली जाते.

शेकरूचं घरटं असंच. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा गोल भारा दिसतो, लोकांना तो कावळ्याचा वाटतो. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं, हे सांगितलं की माणसं वर बघायला लागतात आणि गवा विसरतात. फेब्रुवारी-मार्चात अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात, त्याच सुमारास पळस-पांगारा, एप्रिल-मेमध्ये करवंदं. तुझं वनस्पतिशास्त्र इथं कामाला येईल, पण लॅटिन नावं खिशात ठेव. पाटगावच्या आजीला हिरडा माहीत आहे, ती तुला दोन गोष्टी जास्त सांगेल.

आणि गवा खरंच समोर आला तर? गाडीत असाल तर उतरायचं नाही, हॉर्न नाही, चालकाला सावकाश मागं घ्यायला सांगायचं. पायी असाल तर पन्नास मीटरच्या आत जायचं नाही. एकटा फिरणारा काळा नर कळपापेक्षा जास्त बेभरवशाचा. तो आडवा उभा राहून अंग दाखवायला लागला, मान खाली घालून फुसकारला किंवा खुरानं माती उकरली की तुमची वेळ संपली. पळायचं नाही. तोंड त्याच्याकडं ठेवून, मध्ये झाड राहील असं मागं सरकायचं. फोटोसाठी पुढं जाणाऱ्या मंडळींना डिसेंबर २०२०मधली पुण्याच्या कोथरूडची घटना सांग. वस्तीत शिरलेल्या गव्यामागं गर्दी धावली, तास न् तास पळून पळून त्याचा शेवट झाला. हजार किलोपर्यंत वजन भरणारं जनावर घाबरून मरू शकतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

बाकी धोक्यांचं एकदाच सांगते. आग्यामोहोळाच्या झाडाखाली धूर, अत्तर, दगड काही चालत नाही. उठलंच तर डोकं-तोंड कापडानं झाकून लांब पळायचं. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ला फोन आणि प्रतिविष असलेला दवाखाना. रेंज नसेल तर फोन कुठनं लागतो ती जागा पहिल्याच आठवड्यात पाहून ठेव. गोचीड रोज संध्याकाळी अंगावर शोधायची. शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, त्यामुळं हे हसण्यावारी नेऊ नकोस.

राहिलं निसर्गाच्या देखभालीचं काम, ज्याच्यासाठी तू खरं जाते आहेस. ते छान असेल या भ्रमात राहू नकोस. पाठ मोडते, आणि वेळेचं गणित चुकलं तर केलेलं सगळं फुकट जातं. रानमोडी या तणाचंच घे. ती नोव्हेंबरअखेरीपासून फुलायला लागते, मग वाऱ्यावर तिचं म्हातारीसारखं बी उडतं. उपटायची तर जमीन ओलसर असताना, फुलण्याआधी, मुळाच्या गड्ड्यासकट. वरून कोयत्यानं छाटली की बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. म्हणजे तुझ्या हातात हंगामाचे पहिले तीन-चार आठवडेच आहेत, आणि नेमके तेव्हाच दिवाळीचे पर्यटक फाटकावर रांग लावतात. संस्थेला आधीच विचार, पहिल्या महिन्यात तणासाठी आठवड्याचे दोन दिवस राखून ठेवणार का? 'बघू' म्हणाले तर समजून जा, तण नुसतं फोटोपुरतं निघणार. उपटलेली झुडपं मुळं वर करून खडकावर टाकायची, जाळरेषेच्या (वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्याच्या) जवळ नाही, कारण वाळलेली रानमोडी भुरकन पेटते.

घाणेरीची रीत वेगळी. ती हातानं उपटत नाही. कुदळीनं जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मूळ तोडायचं, खोड-मुळाच्या सांध्याचा भाग वर काढायचा आणि झुडूप उलटं करून वाळवायचं. सांधा मातीत राहिला तर पुन्हा फुटते. पुढचे दोन पावसाळे त्या जागी, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, उगवलेली रोपं काढत राहावं लागतं. बुलबुल फळं खातात आणि बी तिथंच टाकतात. पुढच्या वर्षी तू नसशील तर हे कोण करणार? हंगामी माणसांवर चालणाऱ्या कामात सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. म्हणून कुठल्या तुकड्यात कधी काय काढलं त्याची वही ठेव, नकाशासकट. अभयारण्यात यातलं काहीही वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि त्यांनी आखून दिलेल्या जागेबाहेर करायचं नाही, साधं पान तोडणंही नाही.

सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, झाडं लावायला निघालेली उत्साही मंडळी तुला नक्की भेटतील. त्यांना थांबव. उन्हाळ्यात उघडाबोडका दिसणारा जांभ्याचा सडा ओसाड नसतो. पावसाळ्यात त्या पातळ मातीत फुलणारी छोटी रोपं-गवतं झाडाच्या सावलीत टिकत नाहीत. खड्डे खणले की मातीचा तो थर वाहून जातो.

पाणवठ्याचं काम मार्चपासून. सिमेंटच्या पाणवठ्याची भिंत उभी असेल तर पडलेलं लहान जनावर बाहेर निघू शकत नाही, म्हणून एका कडेला दगडांचा उतार रचायचा. शेवाळ काथ्याच्या ब्रशनं घासायचं, ब्लीचिंग किंवा साबण अजिबात नाही. जायचं ते भर दुपारी, दोघांनी मिळून. पहाट-सांज जनावरांची. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, तेव्हा तुला धुराच्या मागं धावायला सांगतील. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे (टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं), चढावर आगीच्या वरच्या बाजूला कधी उभं राहायचं नाही, आणि प्रशिक्षण मिळालं नसेल तर पुढच्या फळीत जायला स्पष्ट नकार द्यायचा. धूर दिसल्याची खबर १९२६वर देणं हेही काम आहे.

हंगामाचं शेवटचं काम काजव्यांचं. मेअखेर राधानगरी परिसरात ते बघायला गर्दी होते, आणि बघणारेच त्यांचं नुकसान करतात. नर लुकलुकून मादीला हाक देतो, मादी तशीच उत्तर देते. मध्ये गाडीचे हेडलाइट आले की हा संवाद तुटतो. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या गवतात, जमिनीवर असतात आणि पायवाट सोडून पुढं गेलेल्या बुटाखाली चिरडतात. गाड्या लांब थांबवून दिवे बंद, टॉर्चला तांबडा कागद आणि झोत खाली, फोन खिशात. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात हे आधी सांगितलं नाही तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी फ्लॅश मारतोच.

आता भरतीचं. वनरक्षकाच्या निवडीत या अनुभवाला गुण नाहीत. लेखी परीक्षा आणि धावणं, मुलींना ३ किलोमीटर. नंतर चार तासांत १६ किलोमीटर चालणं. जंगलात राहून पाय तयार होतील, अभ्यास होणार नाही. मोसमात रात्री नऊला डोळे मिटतात. वनस्पतिशास्त्राची पदवी असल्यानं एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेचाही विचार कर, ती वनरक्षकापेक्षा पुष्कळ वरची पायरी आहे. तुझे रिकामे वाटणारे पाच महिने खरं तर या अभ्यासाचे आहेत. जून ते ऑक्टोबर सलग बसता आलं तर नोकरी करत परीक्षा देणाऱ्यांपेक्षा तू पुढंच असशील. फक्त परीक्षा हंगामाच्या मध्यावर आली तर रजा मिळेल का, हेही त्या पत्रात घालून घे.

पावसाळ्यात थोडं कमवायचंही असेल तर शाळा धर. टाउन हॉलच्या बागेत चाळीस मिनिटांची वृक्षफेरी, पंचवीस मुलं, माणशी ५० रुपये. आठवड्याला दोन फेऱ्या झाल्या तरी महिन्याचे दहा हजार होतात, पण पहिल्या वर्षी त्याच्या निम्मेच धर. घरच्या गच्चीवर रोपं करता येतील. जांभळाचं बी ताजंच लावावं लागतं, फळ खाल्ल्यावर आठ-दहा दिवसांत. माती दोन भाग, वाळू एक, शेणखत एक, ५ बाय ७ इंचाची पिशवी. बी अभयारण्याच्या बाहेरचंच गोळा करायचं. कासच्या फुलांच्या हंगामात काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस, ते तिथल्या गावांच्या समितीकडं आहे आणि तिथल्याच पोरांना मिळायला हवं.

हाच मुद्दा दाजीपुरातही येतो. तिथल्या वाड्यांवरची पोरं पूर्वीपासून पर्यटकांना वाट दाखवतात. गवा कुठल्या वळणावर उतरतो ते त्यांना तुझ्याआधी माहीत असतं. पदवी घेऊन शहरातून आलेल्या मुलीनं त्यांच्या फेऱ्या कमी केल्या तर पहिल्याच महिन्यात तुझ्याशी कुणी बोलणार नाही, आणि त्यांची चूक म्हणता येणार नाही. फेऱ्यांची पाळी कशी लावतात ते आधी विचार. जमलं तर जोडीनं फिर: वाट आणि खुणा त्यांच्या, झाडं आणि नोंदी तुझ्या.

होकाराआधी एक करून बघ. येत्या दोन रविवारी टाउन हॉलच्या बागेत आठ-दहा जणांना फिरव, त्यातले निम्मे अनोळखी असावेत आणि दोन तरी लहान मुलं. पाचच झाडं घे. मध्येच कुणी फोनवर बोलेल, कुणी चुकीची माहिती ठासून सांगेल, एखादं पोर रडेल. घरी आल्यावर थकवा आला तर घाबरू नकोस, तो येतोच. पण पुढच्या रविवारचा विचार करून पोटात गोळा येत असेल, तर हे काम नको. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला जा. तिथल्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या जातींवर वर्षानुवर्षं काम झालंय, आणि कुंड्यांना 'गवा दिसणार काय' असं विचारता येत नाही. पोटात गोळा नसेल आणि नेमणुकीचं पत्र २५ ऑक्टोबरपर्यंत हातात आलं, तर हो म्हण. पत्र नाही आलं तर एकदा फोन कर. तरी नाहीच आलं, तर नाही म्हणायला ३१ तारखेची वाट बघू नकोस.